‘बापावर गेली’ म्हणण्याआधी

दारूचा प्रश्न आपण बायकांनी चव्हाट्यावर आणला. १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला कौल दिला, तर वस्तीतलं दुकान बंद करता येतं. पण या लढ्यात आपण बोललो ते बहुतेक दारुड्याच्या बायकोबद्दल. त्याच घरात वाढलेली मुलं कॉलेजात गेली, की आपल्या नजरेआड होतात.

मी कॉलेजच्या मुलामुलींसाठी समुपदेशनाचं काम करते. होस्टेलात बाटली सापडली म्हणून माझ्याकडे पाठवलेल्यांशी बोलताना घरच्या दारूचा विषय वारंवार निघतो. बाप पिऊन आला की धाकट्या भावंडांना शेजारी नेऊन बसवणारी, आईच्या अंगावरचे वळ पाहिलेली ही मुलं. ‘मी शिवणारसुद्धा नाही’ असं ठरवून वाढलेली. घराबाहेर पडल्यावर मात्र भीती आणि एकटेपणा विसरायला तीच बाटली जवळ करतात.

व्यसनी पालकांच्या मुलांना व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यात अनुवंशाचा वाटा आहे, तसा घरातल्या दहशतीचाही. तरीही अशी बरीच मुलं व्यसनात अडकत नाहीत. म्हणून ‘बापावर गेला’ हा निकाल चुकीचाच आहे.

मुलीच्या बाबतीत तर तो दुहेरी असतो. मुलाला समज देऊन सोडतात. मुलगी प्यायली की तिचं चारित्र्य निघतं. कॉलेज घरी कळवतं. ज्या बापाच्या धाकानं ती बाहेर पडली, त्याच्याच हाती तिला देतं. आणि जाब विचारला जातो आईला, “तुझं लक्ष कुठं होतं?”

मैत्रिणींनो, कॉलेजांकडे आपण ठामपणे मागितलं पाहिजे : नाव काढून टाकण्याआधी समुपदेशन, आणि मुलीला विचारल्याशिवाय घरी निरोप नाही. आपल्या केंद्रांतही बाई तक्रार घेऊन आली, की तिच्या मोठ्या मुलांशी वेगळं बोलायला हवं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली मुलगी स्वतः बापाविरुद्ध संरक्षण मागू शकते, हे तिला सांगायला हवं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतं आहे. अशा केंद्रांकडे मुलांना वेळेवर पोचवता येतं.

बायकोला आपण ‘दोष तुझा नाही’ असं सांगत आलो. तिच्या लेकरांनाही ते कुणीतरी सांगायला हवं.