कुणाकडेही जाते, म्हणे!

परदेशातल्या माझ्या मावसबहिणीने इथल्या एका संस्थेतून दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. पासपोर्ट येईपर्यंत मुक्काम आमच्याकडे, निर्मळला. त्यातच कार्तिकी यात्रा! यात्रेला आलेला प्रत्येक जण सुकेळी घेऊन पोरीला बघून गेला. "किती लाघवी! कुणाकडेही जाते, रडत नाही."

मला हे कौतुक पटत नाही. जिने आजवर पाळीपाळीने बदलणारे हात पाहिले, तिला सगळेच हात सारखे. आई तिला अजून 'आपली' वाटत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

लोक लगेच लिसा स्थळेकरचं उदाहरण देतात. पण १९७९ मध्ये पुण्याच्या 'श्रीवत्स'मधून दत्तक गेली तेव्हा ती जेमतेम तीन आठवड्यांची होती. हिची दोन वर्षं जगून झालीत. मूल परदेशी गेल्यावर सरकारसुद्धा दोन वर्षं अहवाल मागवतं, आणि आपल्याला दोन आठवडे दम निघत नाही!

तेव्हा मंडळी, जरूर या, चहा घ्या, पण तिला उचलू नका. भरवणं, अंघोळ, निजवणं तिच्या आईबाबांनाच करू द्या.

काल बहीण तळ्यापर्यंत जाऊन आली, तेवढ्यात पोरीने भोकाड पसरलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लाडावली हो!" मी पेढे आणायला गेले.