अथेन्सला जाताय? आधी ठरवा, ॲक्रोपोलिस किती वाजता बघायचं!

मागे निळं आकाश, पार्थेनॉनचे संगमरवरी खांब आणि समोर एकच व्यक्ती. अथेन्सचा असा फोटो इन्स्टाग्रामवर दिसला की समजावं, तो सकाळी आठच्या सुमारास काढलेला आहे, नाहीतर गर्दी नंतर पुसून टाकली आहे. कारण उन्हाळ्यात या टेकडीवर दिवसाला २० हजार माणसं चढतात. तीही सरकारने मर्यादा घातली म्हणून.

इंडिगोने जानेवारी २०२६ पासून मुंबई आणि दिल्लीहून अथेन्सला थेट विमानसेवा जाहीर केल्याने ग्रीस महाराष्ट्रातल्या पर्यटकांच्याही यादीत आलं आहे. पण विमान आणि हॉटेल ठरलं की सहल ठरली, हा नेहमीचा हिशेब इथे चुकू शकतो.

नेमकं काय बदललं?

कोविडनंतर ॲक्रोपोलिसवर दिवसाला २३ हजारांपर्यंत लोक येऊ लागले. त्यातले बरेचसे क्रूझवरून उतरलेले, सकाळच्या काही तासांतच सगळे दारात. म्हणून सप्टेंबर २०२३ पासून ग्रीसने २० हजारांची मर्यादा आणि तासाप्रमाणे प्रवेश लागू केला. तिकिटावर तारखेसोबत वेळही असते.

१ एप्रिल २०२५ पासून दरही बदलले. आधी उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात १० युरो असलेलं तिकीट आता वर्षभर ३० युरो, म्हणजे ३ हजार रुपयांच्या वर आहे. पूर्वी ३० युरोंच्या एकत्रित तिकिटात ॲक्रोपोलिससह प्राचीन अगोरा, हेड्रियनचं ग्रंथालय, केरामेइकोस अशी सात ठिकाणं पाच दिवसांत बघता येत. ते तिकीट बंद झालं. आता प्रत्येक ठिकाणचे पैसे वेगळे. जुन्या ब्लॉगवर आणि व्हिडिओंमध्ये अजूनही एकत्रित तिकिटाचा सल्ला सापडतो, त्यावर विसंबू नये.

दुसऱ्या टोकाला, उघडण्याआधी किंवा बंद झाल्यावर जास्तीत जास्त पाच जणांना खासगी फेरी मिळण्याची सोय आहे. किंमत ५ हजार युरो! रिकाम्या ॲक्रोपोलिसचा भाव सरकारनेच असा ठरवून दिला आहे.

खरी अडचण उन्हाची

टेकडीवर सावली जवळपास नाही आणि पायाखालचा संगमरवर तापतो. जुलै २०२३, जून २०२४ आणि जुलै २०२५ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे ॲक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवावं लागलं. २०२३ मध्ये तर तिथल्या कर्मचाऱ्यांनीच उन्हात उभं राहायला नकार देत रोज चार तास काम थांबवलं होतं.

इथेच नियोजनाची गाठ बसते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. त्यासाठी तारखा ठरवाव्या लागतात, राहण्याचं बुकिंग आणि किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो, ९० युरो शुल्क भरावं लागतं. दुपारी दार बंद करण्याचा निर्णय मात्र हवामान बघून ऐनवेळी होतो. दुपारी दोनची वेळ घेतलेल्या कुटुंबाकडे अथेन्समध्ये एकच दिवस असेल आणि दुसऱ्या दिवशी सँटोरिनीची बोट, तर पार्थेनॉन खालूनच बघावं लागणार.

म्हणून जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांनी सकाळी आठची किंवा संध्याकाळची वेळ घ्यावी, दुपार ॲक्रोपोलिस म्युझियमसारख्या छताखालच्या जागेसाठी ठेवावी आणि शहरात किमान दोन रात्री राहावं. सोबत व्हीलचेअर वापरणारे आजी-आजोबा असतील तर उत्तर बाजूला लिफ्ट आहे.

अथेन्सकरांचं काय?

राहण्याचा खर्चही आता नियमांनी बांधलेला आहे. एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये प्रत्येक खोलीमागे रात्रीला हवामान शुल्क लागतं: तीन तारांकित हॉटेलला ५ युरो, चार तारांकितला १०, पाच तारांकितला १५. ऑनलाइन बुकिंगच्या रकमेत ते अनेकदा धरलेलं नसतं, काउंटरवर मागतात.

घर भाड्याने घेऊन राहण्याचा पर्याय आहेच, पण त्याची किंमत स्थानिकांनी मोजली आहे. टेकडीच्या पायथ्याच्या कुकाकीसारख्या वस्त्यांमध्ये पर्यटकांना घरं देणं फायद्याचं ठरलं आणि राहणाऱ्यांना भाडं परवडेना. जानेवारी २०२५ पासून मध्य अथेन्सच्या तीन विभागांत अशा नव्या घरांची नोंदणी सरकारने थांबवली. जुनी नोंदणी असलेली घरं मात्र चालू आहेत, त्यामुळे भाड्यांवर याचा फार परिणाम होईल अशी आशा धरणं कठीण आहे.

मग जायचं कधी?

मराठी घरांसाठी दिवाळीची सुट्टी जास्त सोयीची. ऊन सुसह्य असतं, क्रूझची गर्दी ओसरलेली असते आणि नोव्हेंबरपासून हवामान शुल्कही कमी होतं. २८ ऑक्टोबरला ग्रीसच्या राष्ट्रीय दिनी आणि नोव्हेंबर ते मार्चच्या पहिल्या रविवारी सरकारी प्राचीन स्थळांना प्रवेश मोफत असतो. त्या दिवशी गर्दीही तशीच असते. फक्त हिवाळ्यात ॲक्रोपोलिस संध्याकाळी पाचला बंद होतं, त्यामुळे वर उभं राहून सूर्यास्त बघायचा बेत असेल तर वेळ आधी तपासावी.