आधी हवा मोजा, मग राउटर बदला

वाय-फाय रडायला लागलं की सोसायटीत, शाळेत, कार्यालयात दोनच उपाय सुचतात: मोठा प्लॅन घ्या, नाहीतर आणखी एक राउटर बसवा. पैसे जातात आणि तक्रार तशीच राहते, कारण दुखणं कुठे आहे हे कोणी मोजलेलंच नसतं. मोजण्याचं साधन मात्र आहे. नेटवर्क तंत्रज्ञ हातात धरून इमारतभर फिरतात तो टेस्टर. फ्लूक नेटवर्क्सच्या नावाने बाजारात आलेला आणि आता नेटॲली कंपनीकडे असलेला ‘एअरचेक’ हा त्यातला परिचित.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात १३ चॅनेल वापरता येतात, पण एकमेकांवर न चढणारी जेमतेम तीन: १, ६ आणि ११. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजारच्या फ्लॅटमधला राउटरही त्याच रांगेत उभा असतो. म्हणून फोनवर सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि तरी व्हिडिओ कॉल तुटतो. अशा इमारतीत नवा राउटर म्हणजे रांगेत आणखी एकाची भर.

टेस्टर या कांड्यांच्या पलीकडे पाहतो. चॅनेलचा किती टक्के वेळ व्यापला आहे, त्यातला वाय-फायचा किती आणि इतर गोंगाटाचा किती, हे तो वेगवेगळं दाखवतो. कँटीनमधला मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. जेवणाच्या सुट्टीतच नेट का अडखळतं, याचं उत्तर कधी कधी तिथे सापडतं. फोनवरच्या फुकट ॲपला हा गोंगाट दिसत नाही. त्याला फक्त आसपासची वाय-फाय नेटवर्कं दिसतात.

आणि दोष हवेतच असेल असंही नाही. गिगाबिट जोडणीला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या धड लागतात. एक तुटली की वेग अनेकदा १०० मेगाबिटवर येतो, आणि बोल मात्र वाय-फायला लागतो. ही केबल टेस्टरला जोडली की काही सेकंदांत उलगडा होतो.

सुरक्षेचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि महाराष्ट्राला तो नव्याने सांगायला नको. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका घरातल्या वाय-फायवरून गेला होता. त्या घरातल्या भाडेकरूला चौकशीला तोंड द्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात माटुंग्याच्या एका कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये चेंबूरच्या एका कंपनीचं नेटवर्क असंच वापरलं गेलं. २००९च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी नेटवर्कं शोधण्याची मोहीमच जाहीर केली.

अमेरिकेत टीजेएक्स या दुकानसाखळीतून किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती चोरीला गेल्याचं २००७ साली उघड झालं. चोर आत शिरले ते वेप या एन्क्रिप्शनचं कुचकामी कुलूप लावलेल्या वाय-फायमधून. ते कुलूप तुटतं हे तर २००१ पासून माहीत होतं! टेस्टर प्रत्येक नेटवर्कचं कुलूप कुठल्या प्रकारचं आहे ते दाखवतो. एखाद्याने परस्पर आणून लावलेला राउटर दिसला, तर दिशादर्शक अँटेना लावून सिग्नल वाढेल तसतसं त्याच्यापर्यंत चालत जाता येतं.

हे यंत्र स्वस्त नाही, आणि प्रत्येक शाळेने ते विकत घ्यावं असं कोणी म्हणणार नाही. कंत्राटदाराकडे ते असावं आणि त्याचा अहवाल ग्राहकाच्या हाती यावा, एवढी अट मात्र प्रत्येक वाय-फाय कंत्राटात हवी. मोजणी गर्दीच्या वेळी व्हावी, रविवारच्या रिकाम्या इमारतीत नव्हे. खोलीनिहाय सिग्नल, चॅनेलची व्याप्ती, प्रत्येक नेटवर्कचं कुलूप आणि अनोळखी राउटरांची यादी अहवालात हवी. कॉलसाठी उणे ६७ डीबीएमच्या आसपास सिग्नल लागतो. उणे ७७ला त्याची ताकद दहावा हिस्सा उरते. हे आकडे कागदावर येईपर्यंत रुग्णालयांनी, शाळांनी आणि सोसायट्यांनी शेवटचं बिल चुकतं करू नये.