गुणक आणि कुहीचा बाजार

केन्सचा गुणक आपण सगळेच फळ्यावर शिकवतो. सीमांत उपभोग प्रवृत्ती ०.८ धरली की गुणक ५ येतो. सरकारने शंभर रुपये खर्च केले की उत्पन्न पाचशेने वाढते. मुले वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत गुणही मिळवतात. पण नागपूर जिल्ह्यातल्या कुहीच्या वर्गात बसलेल्या मुलीची आई पावसाळ्यात धानाची रोवणी करते आणि हंगामात मिरची सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडण्याच्या जागी, देठ खुडायला जाते. या आईची रोजी वाढली तर गावात पाचपट नेमके काय वाढेल? उत्पादन, की नुसते भाव?

हा प्रश्न आपल्या अर्थशास्त्रज्ञांनी फार पूर्वी विचारला होता. डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले, की केन्सचा गुणक बंद पडलेल्या यंत्रांच्या देशासाठी आहे. तिथे मागणी वाढताच कारखाने सुरू होतात. आपल्याकडे बेकारी छुपी आहे. दोन एकर धानात पाच माणसे राबतात आणि दोघे निघून गेले तरी पीक तेवढेच येते. अशा ठिकाणी पैसा वाढला तरी धान्य लगेच वाढत नाही, महागाई मात्र वाढते.

मुंबई विद्यापीठात सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी हा धागा पुढे नेला. १९५६ च्या त्यांच्या ग्रंथाने अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला आव्हान दिले. रोजगाराची खरी मर्यादा वेतनवस्तूंची, म्हणजे मजुराला लागणाऱ्या धान्य-कापडाची आहे, हे त्यांचे सूत्र होते. ब्रह्मानंदांनी पुढे रिकार्डोपासूनचे सनातनवादी अर्थशास्त्र अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा यांच्या विचारांच्या प्रकाशात नव्याने वाचले. १९७४ च्या भाववाढीत १४० अर्थशास्त्रज्ञांच्या वतीने पंतप्रधानांना निवेदन गेले, त्यामागेही वकील-ब्रह्मानंदच होते. २००३ मध्ये ब्रह्मानंद गेले. जुना सिद्धांत आपल्या मातीवर घासून पाहण्याचे काम त्यांनी आयुष्यभर केले.

आता ब्रह्मानंदांनाही तसेच वाचायला हवे. आज रेशनचा तांदूळ कुहीत घरोघरी पोहोचतो, त्यामुळे धान्याची अडचण पूर्वीसारखी उरलेली नाही. पण मजुरीतला जो पैसा खाद्यतेलावर जातो, त्यातला बराचसा देशाबाहेर जातो, कारण देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात होते. म्हणजे वेतनवस्तूंचा प्रश्न संपला नाही, त्याची जागा बदलली.

म्हणून सहकारी प्राध्यापकांना आमची विनंती आहे. या सत्रात गुणक शिकवून झाला की विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या आठवडी बाजारात न्या. मजुरीचा एक रुपया कुणाच्या हातून कुणाकडे जातो आणि गावाबाहेर कुठे पडतो, हे त्यांना विचारून, लिहून आणू द्या. राव आणि ब्रह्मानंद यांची नावे अभ्यासक्रमात असोत वा नसोत, त्यांची पद्धत वर्गात आली पाहिजे. ती आणणे आपल्या हातात आहे.