हप्ता महिन्याचा, पीक वर्षाचे



गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरी महिनाभर एकच वाद चालला. आमची डिझेल जीप 20 वर्षांची झाली. सकाळी लवकर स्टार्ट होत नव्हती, चढावर निळा धूर सोडत होती. तालुक्याच्या मिस्त्रीने इंजिन खोलले आणि सांगितले, "भाऊ, लायनर, पिस्टन, रिंगा सगळे बदलावे लागेल. 65 हजार धरून चाला."

मुलगा म्हणाला, "बाबा, या भंगारात 65 हजार घालण्यापेक्षा नवी घेऊ. हप्ता पंधरा हजारसुद्धा नाही." मी म्हणालो, "दोन वर्षांत हिच्यावर 40 हजार घातले, आता कशी सोडायची?"

आज कबूल करतो, आम्ही दोघेही चुकीचा हिशेब करत होतो.

माझी चूक आधी सांगतो. पावसाने दगा दिला, पेरणी उलटली, तर दुबार पेरायचे की नाही हे आपण कशावर ठरवतो? मातीत गेलेल्या बियाण्याच्या किमतीवर नाही. पुढे दिवस किती राहिले, ओल किती आहे, पीक हाती येईल का, हे पाहतो. गाडीचेही तेच आहे. तिच्यावर घातलेले 40 हजार मेलेल्या बियाण्यासारखे गेले. ते आता दुरुस्तीच्या बाजूनेही मोजायचे नाहीत आणि विक्रीच्या बाजूनेही नाहीत. मोजायचा तो पुढचा खर्च.

आता मुलाची चूक. समजा गाडी 9 लाखांची. जुनी मोडीत देऊन आणि घरचे घालून 2 लाख भरले, 7 लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. महिन्याचा हप्ता 14,700 रुपये होतो. ऐकायला लहान वाटतो. वर्षाचे झाले 1 लाख 76 हजार. हा आकडा रुपयांत ठेवू नका, कापसात मोजा. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला. त्या भावाने सुमारे 22 क्विंटल कापूस नुसता हप्त्याला लागतो. कोरडवाहूत एकरी 4-5 क्विंटल धरले तर पाच एकरांचा सगळा माल गेला. बियाणे, खत, फवारणी आणि वेचणी कोणाच्या खिशातून करायची? आणि तोही हमीभाव पदरात पडला तर! ज्वारीत मोजायचे तर संकरित ज्वारीचा त्याच हंगामाचा हमीभाव 3,699 रुपये. म्हणजे 48 क्विंटल ज्वारी.

दुसरे असे, की हप्ता दर महिन्याला येतो आणि कापसाचा पैसा दिवाळी ते संक्रांत एवढ्याच काळात. नोकरदाराचा पगार आणि त्याचा हप्ता एकाच तारखेला भेटतात. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर पैसा फक्त बाहेर जातो. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते बहुधा सहामाही असतात, गाडीच्या कर्जाचे महिन्याचे. ऐन खुरपणीत हप्ता भरायला सावकाराचे दार वाजवावे लागले, तर गाडी साडेनऊ टक्क्यांची राहिली नाही.

तिसरे, नवी गाडी दारात उभी राहूनही झिजते. विमा कंपन्यांचेच कोष्टक पाहा. गाडीला वर्ष झाले की विम्याची किंमत 20 टक्क्यांनी खाली, चार वर्षे उलटली की 50 टक्क्यांनी. आमच्या उदाहरणात पाच वर्षांत सुरुवातीचे 2 लाख आणि हप्त्यांचे 8 लाख 82 हजार भरायचे. शेवटी हातात साडेचार लाखांची गाडी. म्हणजे वर्षाला सव्वा लाख गेले, विमा आणि डिझेल वेगळे.

दुरुस्तीच्या बाजूचाही हिशेब लिहिला. इंजिन 65 हजार. ब्रेक आणि टायर 30 हजार. पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर मिळून 15 हजार धरले. किरकोळ काम वर्षाला 20 हजार. तीन वर्षांचे 1 लाख 70 हजार, म्हणजे वर्षाला 57 हजार. नवी गाडी डिझेल कमी खाते हे खरे. पण आमचे फिरणे महिन्याला 500 किलोमीटर. रोज 100 किलोमीटर फिरणाऱ्याने वेगळा हिशेब मांडावा.

एवढ्यावर मी जिंकलो असे वाटले. तेव्हा सून बोलली. "मामंजी, श्रावणात मला दवाखान्यात नेताना रात्री पुलावर ही जीप बंद पडली होती. त्याचे किती क्विंटल धरले?" मी गप्प झालो. तिचे म्हणणे खरे होते. जी गाडी रात्री घात करते ती फुकट मिळाली तरी महाग आहे. म्हणून दुरुस्तीत पहिले काम ब्रेक, स्टेअरिंग आणि बॅटरीचे, मग इंजिनचे, रंगरंगोटी कधीच नाही, असे ठरवले. आणि हेही ठरवले, की दुरुस्तीनंतर वर्षात दोनदा रस्त्यात उभी राहिली तर हिशेब न करता विकायची.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्यांनी आधी चार गोष्टी पाहाव्यात. एक, धूर. काळा धूर म्हणजे इंजिन गेले असे नाही, एअर फिल्टर आणि नोझल आधी तपासा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. दोन, चासी. इंजिन बदलता येते, चासी गंजून पोखरली असेल तर त्यावर पैसा घालू नका. तीन, सुटे भाग तालुक्याला मिळतात का. चार, दुसऱ्या मिस्त्रीचे मत, तेही पहिल्याचा आकडा न सांगता.

"15 वर्षे झाली की सरकार गाडी भंगारात काढते" ही अफवा सांगून कवडीमोलाने गाड्या उचलणारे दलाल फिरतात. वयावरून गाडी बंद करण्याचे आदेश दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी निघाले होते. आपल्याकडे गाडी तपासणीत पास झाली की खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी पुन्हा होते. मात्र तिची फी वाढवत नेली आहे. 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या मोटारीसाठी 600 चे 5,000 रुपये झाले आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारीसाठी 10,000. जो जुनी वापरतो तो हौसेने वापरत नाही. नवी परवडत नाही म्हणून वापरतो, आणि दंड त्यालाच.

शेजारच्या गावातल्या आमच्या मित्राने याच हिशेबाने उलटा निर्णय घेतला. त्याच्या गाडीची चासी दोन ठिकाणी वेल्डिंग केलेली होती. त्याने ती विकली आणि पाच वर्षांची जुनी गाडी निम्म्या किमतीत घेतली, तीही सरकी-कापूस विकून आलेल्या पैशात, कर्ज न काढता. पहिल्या मालकाने झीज सोसली, याने गाडी वापरली. तोही बरोबर, आम्हीही बरोबर.

खरे दुखणे मात्र वेगळे आहे. कारखानदार यंत्र घेतो त्या दिवसापासून घसारा लिहितो, म्हणून यंत्र मोडते तेव्हा नव्याची सोय झालेली असते. आपण बैल, वखर, मोटार, गाडी सगळे झिजवतो आणि झिजेचा पैसा कधी बाजूला काढत नाही. काढायला उरतही नाही, हे खरे. पण उरत नाही हेसुद्धा वहीत लिहिल्याशिवाय कोणाला दाखवता येत नाही.

आम्ही जीप दुरुस्त केली. मुलाने दारामागे एक वही टांगली आहे. डिझेल, मिस्त्री, टायर, कुठे बंद पडली, सगळे तो लिहितो. कापसाच्या प्रत्येक पट्टीतून क्विंटलमागे 300 रुपये गाडीच्या नावाने सुनेकडे ठेवायचे ठरले आहे. तीन वर्षांनी पुन्हा वाद होईल. तेव्हा तो वही समोर ठेवून होईल, एवढे तरी साधले.