मॉरिशसला गोल्फ, पण घरच्यांचे काय?

घरातील एकाला गोल्फचे वेड आणि बाकीच्यांना समुद्राचे, अशी कुटुंबे आता आपल्याकडेही बरीच दिसतात. अशा घरात परदेशच्या सहलीचा विषय निघाला की मॉरिशसचे नाव हमखास पुढे येते. पण सगळ्यांची रजा आणि वर्षभराची शिल्लक एकाच्या छंदापायी खर्ची पडली, असे परतताना कुणालाही वाटता कामा नये. म्हणून तिकिटे काढण्याआधीच हिशेब मांडलेला बरा.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच हा खेळ मॉरिशसला नेला. वाकोआचा जिमखाना क्लब त्याच काळातला. आता पूर्व किनाऱ्यावर बेल मार येथे ‘लेजंड’ आणि ‘लिंक्स’ ही अठरा होलची दोन मैदाने आहेत. जवळच्या इल ओ सेर्फ या छोट्या बेटावर जर्मन खेळाडू बर्नहार्ड लँगर यांनी आखलेले मैदान आहे. तेथे होडीने जावे लागते. दक्षिणेला बेल ओम्ब्र येथे ‘हेरिटेज’ आहे. याच मैदानावर २०१७ च्या मॉरिशस ओपनमध्ये आपला अर्जुन अटवाल प्ले-ऑफपर्यंत पोहोचला होता. विजेतेपद मात्र डिलन फ्रिटेलीने नेले.

कधी जावे? मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने ऋतू उलटे. आपल्या मुलांना मे महिन्याची सुट्टी लागते, तेव्हा तेथील उकाडा ओसरू लागलेला असतो. दिवाळीची सुट्टीही सोयीची. नाताळात दर चढलेले असतात आणि जानेवारी ते मार्च वादळांचा धोका अधिक. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा जोराचा असतो. चेंडू भरकटतो आणि पोहणाऱ्यांनाही गारठा जाणवतो. शिवाय त्या दिवसांत सूर्य सहाच्या आधीच मावळतो, म्हणून दुपारी उशिरा खेळ सुरू करू नये.

आता पैशांचे. हॉटेलच्या जाहिरातीत ‘गोल्फसह’ असे लिहिलेले असले, तरी पाच गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: मैदानाची फी त्यात आहे का, किती वेळा खेळता येईल, गाडीचे भाडे वेगळे आहे का, क्लब भाड्याने मिळतात का, आणि दुसऱ्या मैदानावर जाण्यायेण्याचा खर्च कोणाचा. स्वतःचा संच न्यायचा असल्यास विमान कंपनीचा सामानाचा नियम आधीच पाहावा. दोन-तीनदाच खेळायचे असेल, तर भाड्याचा संच कमी कटकटीचा. कॉलरचा शर्ट मात्र आठवणीने न्यावा.

अठरा होल पुरे व्हायला चार-पाच तास लागतात. म्हणजे जाण्यायेण्यासह अर्धा दिवस गेला. सात दिवसांच्या मुक्कामात तीन डाव, तेही दिवसाआड आणि सकाळी लवकर, एवढे पुष्कळ झाले. इल ओ सेर्फला तर सगळ्यांनीच जावे. एकाने खेळावे, बाकीच्यांनी किनाऱ्यावर डुंबावे. बेल ओम्ब्रला उतरलात तर शामारेलची सातरंगी माती आणि गंगा तलाव फार लांब नाहीत.

एक दिवस पोर्ट लुईसमधील आप्रवासी घाटासाठी अवश्य राखून ठेवा. १८३४ पासून करारावर नेलेले भारतीय मजूर याच बंदरात उतरले. २००६ मध्ये युनेस्कोने या जागेला जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या मजुरांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मुलांना ही गोष्ट त्याच जागी उभे राहून सांगावी.

शेवटी एकच. सहलीचे वेळापत्रक खेळणाऱ्याने एकट्याने आखू नये. कागद-पेन्सिल घेऊन सगळ्यांनी बसावे, प्रत्येकाला हवा तो एक दिवस आधी लिहून घ्यावा आणि उरलेल्या सकाळी गोल्फला द्याव्यात. मग पुढच्या सहलीला क्लबांची पिशवी सोबत घ्यायला घरचे कुरकुरणार नाहीत!