परसबागेचे माप वैशाखातील पाण्याने घ्यावे

मकरसंक्रांत झाली आणि थंडीचा कडाका ओसरू लागला की गावोगावी परसबागेची आठवण होते. भेंडी, गवार, चवळी, काकडी, दोडका, दुधी भोपळा या भाज्यांची उन्हाळी पेरणी माघ महिन्यात करावयाची असते. तेव्हा पौषाची अखेर हाच तयारीचा खरा काळ होय. या तयारीत खणणी, खत व बियाणे यांकडे बरेच लक्ष दिले जाते. परंतु सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. वैशाखात या बागेस पाणी कोठून मिळणार, हा तो प्रश्न होय.

माघात विहिरीस पाणी असते व उन्हाचा ताप बेताचा असतो. त्या भरात तीनशे चौरस फुटांची बाग सहज आखली जाते. पुढे चैत्र उजाडतो, विहिरीचा तळ दिसू लागतो आणि नळ एक दिवसाआड येऊ लागतो. ज्या वेळी वेल मांडवावर चढून फळ धरावयाचे, नेमक्या त्याच वेळी बाग सुकते. अनेक गावांत दरवर्षी दिसणारे हे दृश्य आहे, आणि त्याचा दोष केवळ उन्हाला देणे रास्त नाही. चूक माप घेण्यात झालेली असते.

याचा हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर पाणी. माघात भाजीपाल्यास चौरस मीटरमागे रोज अंदाजे ३ ते ४ लिटर पाणी पुरते. वैशाखात तेवढ्याच जागेस ६ ते ७ लिटर लागते. तीनशे चौरस फूट म्हणजे सुमारे २८ चौरस मीटर. एवढ्या बागेस वैशाखात रोज १७० ते १९० लिटर पाणी हवे. पंधरा लिटरचा हंडा धरला तरी रोज बारा खेपा होतात. या खेपा कोणाच्या डोक्यावर येतात, हे सांगावयास नको. कुटुंबाच्या पोषणासाठी लावलेली बाग घरातील स्त्रीचीच शक्ती शोषून घेऊ लागली, तर तिचा हेतूच फसला असे म्हणावे लागेल.

यावर काही जण असे सुचवितात की, आरंभी मोठी लागवड करावी आणि पाणी कमी पडल्यास अर्धी सोडून द्यावी. हा विचार वरवर सोयीचा दिसतो. परंतु व्यवहारात उभे पीक सोडून देण्यास कोणाचेही मन धजत नाही. सगळ्यांनाच थोडेथोडे पाणी दिले जाते आणि कोणालाच पुरत नाही. अर्धपोटी राहिलेल्या भेंडीची फळे लवकर जून होतात, काकडी कडू होते आणि लाल कोळीचा उपद्रव वाढतो. याउलट शंभर चौरस फुटांच्या बागेस वैशाखात रोज सुमारे ६० लिटर पाणी पुरते व ती शेवटपर्यंत हिरवी राहते.

यासाठी गेल्या अक्षय्यतृतीयेस विहिरीत किती पाणी होते व नळ किती दिवसांनी येत होता, हे आठवून बागेची आखणी करावी. न्हाणीघराचे व भांड्यांचे पाणी एक दिवस बादलीने मोजून पाहावे. हे पाणी केळ, अळू, शेवगा यांना किंवा वेलांच्या बुंध्याशी द्यावे. कोथिंबीर, मेथी अशा कोवळ्या पालेभाज्यांवर घालू नये. कपड्यांच्या साबणाचे पाणी मात्र वारंवार दिल्यास जमीन खारवते.

माप ठरल्यावर जमीन वीतभर खोल खणून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्यावी. चौरस मीटरमागे दोन ते तीन किलो शेणखत मिसळावे. ते पूर्ण कुजलेले असावे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी व वाळवी येते. गादीवाफे पावसाळ्यात उपयोगी असले तरी उन्हाळ्यात ते लवकर सुकतात. म्हणून वाफे सपाट किंवा किंचित खोलगट करावेत. रोपे वर आल्यावर उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड दोन-तीन इंच जाडीने पसरावे. पाणी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधील आहारविषयक मार्गदर्शनात प्रौढ व्यक्तीच्या रोजच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात असे सांगितले आहे. शंभर चौरस फुटांतून पाच माणसांची ही सारी गरज भागणार नाही, हे उघड आहे. परंतु बाजारात भाजी महागते त्याच दिवसांत घरची मूठभर हिरवी भाजी ताटात पडणे, ही लहान गोष्ट नव्हे.

विस्तारकार्य करणाऱ्यांनीही येथे आत्मपरीक्षण करावयास हवे. बियाण्यांची किती पाकिटे वाटली यावरून मोहिमेचे यश मोजण्याची सवय सोडली पाहिजे. पाकीट हाती देण्यापूर्वी कार्यकर्त्याने घरातील पाण्याची विचारपूस करावी, आणि वैशाखात पुन्हा येऊन किती वाफे हिरवे आहेत ते पाहावे. ज्या घरची बाग दोनदा वाळली, त्या घरात तिसऱ्यांदा कुदळ उचलली जाणे कठीण असते. पुढल्या माघात ती हौसेने उचलली जावी, असे वाटत असेल तर यंदाचे वाफे थोडे कमी आखलेले बरे.